पाच भागिले दोन आणि कोन्राड त्सुझे

फर्स्ट इयरला 'सी' शिकताना हा प्रसंग प्रत्येकावर एकदा तरी येतोच. प्रोग्रॅम अगदी साधा. दोन टेस्टचे मार्क घ्यायचे, बेरीज करायची, दोनने भागायचं आणि सरासरी छापायची. मार्क टाकले दोन आणि तीन (हसू नका, पडतात तेवढे!) आणि स्क्रीनवर उत्तर आलं दोन पूर्णांक शून्य शून्य. अडीच गेलं कुठे? कंपायलर एरर देत नाही, वॉर्निंग देत नाही. उत्तर ठेवायला व्हेरिएबल तर 'फ्लोट' घेतलंय. मग शेजारच्या पीसीवरचा कुणीतरी देवासारखा धावून येतो, भागाकाराआधी कंसात 'फ्लोट' लिहितो आणि अडीच परत येतं. आपण जर्नलमध्ये 'टाइप कास्टिंग' असं लिहून सही घेऊन मोकळे होतो.

व्हायवात विचारलं तर व्याख्या पाठ असते. एका डेटा टाइपमधली किंमत दुसऱ्या डेटा टाइपमध्ये बदलणं म्हणजे टाइप कन्व्हर्जन. झाले मार्क. पण ही बदलाबदली मुळात लागते कशाला? पाच म्हणजे पाच, त्याला पूर्णांकाचे पाच आणि दशांशाचे पाच असे दोन जन्म का? हे समजून घ्यायचं असेल, तर ज्यांनी ही अडचण सर्वांत आधी, तीही पत्र्याच्या पट्ट्या कापून सोडवली, त्यांच्यातल्या एका माणसाची गोष्ट वाचायला हवी. त्याचं नाव कोन्राड त्सुझे. आणि कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी जरा मन घट्ट करून ऐकावं, हा गृहस्थ सिव्हिलचा होता!

कोन्राडचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनमधला. वडील पोस्टात नोकरीला. तो लहान असतानाच कुटुंब पूर्व प्रशियातल्या ब्राउन्सबर्ग या गावी गेलं. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. पुढे १९२३ मध्ये होयर्सवेर्डा नावाच्या दुसऱ्या गावी बिऱ्हाड हललं. पोराला दोन नाद होते. एक चित्रं काढायचा आणि दुसरा यंत्रं जोडायचा. शाळा संपवून १९२८ च्या सुमारास तो बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातल्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. आधी मेकॅनिकल घेतलं, जमलं नाही. मग आर्किटेक्चर घेतलं, तिथेही मन रमलं नाही. शेवटी सिव्हिलला स्थिरावला. म्हणजे ब्रँच चुकली म्हणून गॅलरीत उभं राहून उसासे टाकणाऱ्या आपल्या मित्रांना धीर यायला हरकत नाही.

सिव्हिलमध्ये मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यात गेली. स्ट्रक्चरची गणितं. स्टॅड वगैरे सॉफ्टवेअर आपल्या दिमतीला आहे, तरी एक फ्रेम हातानं सोडवायला सांगितली की आपला चेहरा बघण्यासारखा होतो. त्या काळी सगळंच हातानं. एकाच वेळी अनेक समीकरणं सोडवायची आणि अज्ञातं वाढत गेली की दिवसांचं काम महिन्यांवर जायचं. त्यासाठी छापील तक्ते असायचे. या चौकटीतला आकडा घ्या, त्या चौकटीतल्याने गुणा, उत्तर तिसऱ्या चौकटीत लिहा, पुढे चला. रोज असे तक्ते भरता भरता कोन्राडच्या लक्षात आलं की यात डोकं लागतच नाही. चौकटी म्हणजे आकडे ठेवायची जागा आणि तक्त्याचा क्रम म्हणजे हुकूम. आकडे साठवणारं आणि हुकूम क्रमानं पाळणारं यंत्र असेल तर इंजिनिअरची सुटका होईल. आज आपण याला मेमरी आणि प्रोग्रॅम म्हणतो.

१९३५ मध्ये डिग्री हातात आली. त्सुझे काही काळ फोर्ड कंपनीसाठी जाहिरातींच्या कामात होते, मग बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात ताकदीची गणितं करायला लागले. पुन्हा तेच तक्ते, तेच आकडे! १९३६ मध्ये त्यांनी सरळ नोकरी सोडली आणि घरी सांगितलं की आपल्या दिवाणखान्यात मी गणित करणारं यंत्र बांधणार आहे. मुलगा इंजिनिअर झाला, चांगली नोकरी लागली आणि वर्षभरात नोकरी सोडून हॉलमध्ये पत्रे कापत बसला, तर आपल्या घरी काय होईल याची कल्पना करा. त्सुझेंच्या आईवडिलांनी हॉल दिला. आईवडील, बहीण आणि कॉलेजच्या मित्रांनी जमतील तसे पैसेही दिले. मित्र संध्याकाळी येऊन करवतीने पट्ट्या कापत बसायचे. अशा हजारो पट्ट्या लागल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या काळची गणनयंत्रं दशमान होती. दहा दात्यांची चाकं, शून्य ते नऊ. त्सुझेंनी ती वाट सोडली. पत्र्याची पट्टी पुढे सरकली आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टी यंत्राला ओळखायला सोप्या, चुकायला अवघड. म्हणून त्यांनी द्विमान पद्धत घेतली, शून्य आणि एक. ही पद्धत त्यांची नव्हे. लायब्निझ या जर्मन गणितज्ञानं १७०३ मध्येच तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. पण ती यंत्रात घातल्याबरोबर एक नवी भानगड उभी राहिली. माणूस दशमानात विचार करतो आणि यंत्र द्विमानात. मध्ये दुभाषा कोण?

सोपा मार्ग होता. वापरणाऱ्याला सांगायचं, बाबा, तू आधी आकडे द्विमानात करून आण. बऱ्याच जणांनी तसंच केलं असतं. पण त्सुझे स्वतः तक्ते भरून वैतागलेले इंजिनिअर होते. ज्याची सुटका करायची त्याच्याच गळ्यात नवं काम कसं बांधणार? त्यांनी ठरवलं की माणसाने दशमानात आकडा टाकायचा, दशमानातच उत्तर वाचायचं आणि मधली सगळी बदलाबदली यंत्राने करायची. डेटा टाइप बदलण्याचं काम वापरणाऱ्याकडून काढून यंत्राकडे देणं, हा त्यांचा पहिला मोठा निर्णय.

दुसरा निर्णयही सिव्हिलवाल्याचाच. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस दोनावर पाच शून्यं, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. त्याच गणितातला स्ट्रेन मात्र दशांशचिन्हानंतर तीन-चार शून्यं टाकून येणार. इतके मोठे आणि इतके बारीक आकडे एकाच मापाच्या डब्यात बसवायचे कसे? त्सुझेंनी आकड्याचे तीन भाग केले. एक बिट चिन्हासाठी, सात बिट घातांकासाठी आणि चौदा बिट मुख्य अंकांसाठी. एकूण बावीस. आपण ज्याला 'फ्लोट' म्हणतो तो हाच. त्यातही एक खुबी होती. द्विमानात असा आकडा नीट मांडला की त्याची सुरुवात नेहमी एकनेच होते. मग तो एक साठवायचाच कशाला? त्यांनी तो गृहीत धरला आणि एक बिट वाचवला. फ्लोटिंग पॉइंटचं आजचं प्रमाण १९८५ मध्ये ठरलं, त्यातही हीच युक्ती आहे. तुमच्या लॅबमधला प्रत्येक पीसी ती वापरतो.

या कल्पनांवर १९३८ मध्ये पहिलं यंत्र उभं राहिलं, ते म्हणजे झेड१. संपूर्ण यांत्रिक आणि बावीस बिटांचे चौसष्ट आकडे साठवणारं. कल्पना बरोबर होती, पण पट्ट्या अडकायच्या आणि यंत्र मधेच रुसायचं. मग हेल्मुट श्रायर हा मित्र मदतीला आला. त्याने सिनेमाचं प्रोजेक्टर चालवलेलं. त्याच्याच सल्ल्याने हुकुमांची भोकं वापरलेल्या सिनेमाच्या फिल्मवर पाडायला सुरुवात झाली. पट्ट्यांऐवजी टेलिफोनचे रिले वापरून पाहायला १९४० मध्ये झेड२ झालं. त्यात फ्लोट नव्हता, सोळा बिटांचे साधे आकडे होते. ते पाहून जर्मनीच्या विमान संशोधन संस्थेने पुढच्या यंत्राला थोडी मदत दिली. १२ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये झेड३ चालवून दाखवण्यात आलं. दोन हजारांवर रिले, कपाटाएवढं धूड आणि सेकंदाला पाच-सहा ठोके. आपण गिगाहर्ट्झच्या गप्पा मारतो. हे पाच हर्ट्झ! तरीही प्रोग्रॅमने चालणारं, खरोखर काम करणारं पहिलं स्वयंचलित गणनयंत्र म्हणून झेड३ चं नाव घेतलं जातं.

आता झेड३ मध्ये आकडा कसा बदलायचा ते बघा, म्हणजे 'स्कॅनएफ' पुन्हा कधी परका वाटणार नाही. यंत्राला चार अंकांचा कळफलक होता आणि शेजारी दहाचा घातांक निवडायची सोय, उणे आठपासून अधिक आठपर्यंत. समजा तुम्ही १९४१ टाकले. यंत्र आधी एक घेणार. त्याला दहाने गुणून नऊ मिळवणार, झाले एकोणीस. पुन्हा दहाने गुणून चार मिळवणार, झाले एकशे चौऱ्याण्णव. पुन्हा दहाने गुणून एक मिळवणार, झाले एकोणीसशे एक्केचाळीस. हे सगळं द्विमानात. दहाने गुणणंही सोपं केलेलं. आकडा तीन घरं सरकवला की आठपट, एक घर सरकवला की दुप्पट. दोन्ही मिळवा, दहापट तयार. नंतर घातांकाप्रमाणे जितक्या वेळा सांगितलं असेल तितक्या वेळा दहापट मोठं किंवा लहान करायचं.

आता तुमच्या 'सी'कडे या. कीबोर्डवरून सात दाबला की मशीनला सात मिळत नाही, सात या अक्षराचा क्रमांक मिळतो. आस्की तक्त्यात तो पंचावन्न आहे. शून्य या अक्षराचा क्रमांक अठ्ठेचाळीस. पंचावन्नातून अठ्ठेचाळीस वजा केले की खरे सात हातात येतात. मग दहाने गुणा, पुढचा अंक मिळवा. 'एटूआय' हे फंक्शन आतून हेच करतं, टक्का-डी दिलेला स्कॅनएफही साधारण हेच. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्ट्रिंगचा पूर्णांक करायला सांगितला की आपण जो पाच ओळींचा लूप लिहितो, तो १९४१ मध्ये रिलेच्या तारांत गुंफलेला होता.

आणि ही बदलाबदली फुकट नव्हती. झेड३ मध्ये बेरजेला तीन ठोके लागत, गुणाकाराला सोळा. आकडा आत घ्यायला किंवा उत्तर दाखवायला मात्र नऊ ते एक्केचाळीस, घातांक जितका मोठा तितके जास्त. म्हणजे कधी कधी दोन आकड्यांचा गुणाकार तीन सेकंदांत व्हायचा आणि उत्तर माणसाच्या भाषेत आणायला आठ सेकंद! त्सुझेंनी तो वेळ मोजून दिला. वापरणाऱ्याचा त्रास वाचवायला यंत्राने जास्त राबावं, हा सौदा त्यांना मान्य होता.

पण वेळेपेक्षा मोठी किंमत दुसरीच असते. दशमानात एक भागिले तीन कधी संपत नाही, तीन तीन तीन चालूच राहतं. तसंच द्विमानात एक दशांश, म्हणजे ०.१, कधी संपत नाही. चौदा बिट असोत की बावन्न, कुठेतरी शेपूट तोडावंच लागतं. म्हणून आपल्या 'सी'मध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी ताडून पाहिली की कॉम्प्युटर सरळ नाही म्हणतो. त्सुझेंच्या यंत्रातही हे शेपूट तुटत होतं. पण त्यांच्या चौदा-पंधरा बिटांत दशमानाचे साधारण चार अंक भरवशाचे मिळतात, आणि त्यांनी कळफलक दिला चार अंकांचा आणि उत्तराचे दिवेही जवळपास तेवढेच. जेवढं खरं माहीत, तेवढंच दाखवायचं. आपण मात्र स्केलने मिलिमीटरपर्यंत मोजलेल्या लांबीची सरासरी काढून प्रिंटएफने दिलेले सहाच्या सहा दशांश जर्नलमध्ये उतरवतो आणि वर अचूकता म्हणून मान ताठ करतो. शून्याने भागण्यासारखं वेडंवाकडं काही घडलं तर काय करायचं, हेही त्यांनी आधीच ठरवलं होतं. शून्य आणि अनंत यांना त्यांच्या फ्लोटमध्ये राखीव खुणा होत्या. शून्य भागिले शून्यासारखं निरर्थक गणित समोर आलं की दिवा लागून यंत्र थांबायचं. न समजलेल्या गोष्टीचा खोटा आकडा ते पुढे ढकलत नसे.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान आहे. पण साल लक्षात घ्या. १९४१, बर्लिन, हिटलरची राजवट. त्सुझे नाझी पक्षाचे सभासद नव्हते, पण पोट हेन्शेलवरच होतं. तिथे तेव्हा एचएस-२९३ नावाचा पंखांचा बॉम्ब तयार होत होता. विमानातून सोडायचा आणि रेडिओने वळवत जहाजावर नेऊन आदळायचा. त्याचे पंख पत्र्याचे, कारखान्यातून निघताना प्रत्येक पंख मापात थोडा इकडेतिकडे. मापं घेऊन दुरुस्ती किती करायची याचं गणित प्रत्येक नगासाठी करावं लागे. त्यासाठी माणसांची फौज बसलेली असे. त्सुझेंनी तिच्या जागी एस१ हे खास यंत्र दिलं.

तरीही एक माणूस मध्ये उरलाच. मापकाच्या तबकडीवरचा काटा बघायचा, आकडा लिहायचा, एस१ मध्ये टाकायचा. त्सुझेंनी तोही काढला. एस२ या पुढच्या यंत्रात तबकडीच्या काट्याची जागा यंत्रच वाचायचं, तिचा आकडा करायचं आणि थेट गणिताला लागायचं. आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ज्याला अॅनॅलॉग टू डिजिटल कन्व्हर्टर म्हणतो, त्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. बदलाबदलीच्या कलेतला हा फार मोठा टप्पा. दिवाणखान्यात सुरू झालेलं, माणसाचे कष्ट वाचवण्याचं स्वप्न इथे तंतोतंत पुरं झालं. फक्त शेवटच्या टोकाला बॉम्ब होता.

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमध्य समुद्रात, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, एचएस-२९३ जातीचा एक बॉम्ब 'रोहना' या जहाजावर आदळला. हजाराहून जास्त अमेरिकन सैनिक गेले. 'रोहना' हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं जहाज. त्यावरचे खलाशी बहुतेक आपले भारतीय. त्यांतलेही अनेक बुडाले. त्या एका बॉम्बच्या पंखांचा आकडा एस१ मधून गेला होता की नाही, याने फारसा फरक पडत नाही. गणित त्या जातीच्या बॉम्बसाठी होतं, एवढं पुरे. काट्याची जागा आकड्यात बदलताना मिलिमीटर टिकतो, पण तो मिलिमीटर कशाचा आणि कुणासाठी, हे गळून पडतं. यंत्राच्या बिटांत त्याला जागाच नसते. ते इंजिनिअरने स्वतःजवळ ठेवायचं असतं. त्सुझेंनी ते ठेवलं का? युद्ध संपेपर्यंत ते काम करत राहिले, हे खरं. दिवाणखान्यातल्या धडपडीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, नाहीतर आपणच शेपूट तोडल्यासारखं होईल.

युद्धाने त्यांनाही सोडलं नाही. बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यांत सुरुवातीची यंत्रं गेली आणि २१ डिसेंबर १९४३ च्या हल्ल्यात झेड३ ढिगाऱ्याखाली गेलं. तोवर झेड४ चं काम सुरू झालं होतं, बत्तीस बिटांचं. जानेवारी १९४५ मध्ये गिझेला यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात ते झेड४ घेऊन बर्लिनमधून निघाले. तेव्हा त्या यंत्राचं नाव व्ही४ होतं. 'प्रयोगासाठीचा नमुना' याचं जर्मन आद्याक्षर व्ही. लंडनवर पडणाऱ्या व्ही१ आणि व्ही२ मुळे अधिकाऱ्यांना हे चौथं गुप्त अस्त्र वाटलं आणि प्रवासाची सोय झाली, असं सांगतात. आधी ग्योटिंगेन आणि मग दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याचं हिंटरश्टाइन गाव. युरोपातला एक अत्यंत प्रगत कॉम्प्युटर एका खेड्यात लपवून ठेवलेला. यंत्र चालवायला ना वीज धड, ना पैसा. पोटासाठी त्सुझे चित्रं काढायचे.

रिकाम्या वेळात त्यांनी युद्धकाळापासून मनात घोळत असलेलं काम तडीस नेलं. प्लानकाल्क्यूल. ही एक प्रोग्रॅमिंगची भाषा, तीही ती चालवायला हाताशी कॉम्प्युटर नसताना! आणि इथेच आपला विषय पूर्ण रूपात भेटतो. या भाषेत मूळ प्रकार एकच, बिट. बाकी सगळं बिटांपासून बांधायचं. बुद्धिबळाचं त्यांचं उदाहरण बघा. पटावर आठ उभ्या रांगा, म्हणून तीन बिट. आठ आडव्या रांगा, आणखी तीन बिट. दोन्हींची जोडी म्हणजे एक घर. घरात कोणता मोहरा आहे, यासाठी चार बिट. घर आणि मोहरा यांची जोडी चौसष्ट वेळा घेतली की आख्खा पट. 'सी'मध्ये आपण 'स्ट्रक्चर' आणि 'अॅरे' लिहितो ते दुसरं काय? शिवाय या भाषेत व्हेरिएबल लिहिलं की त्याच्या खालच्या ओळीत त्याचा प्रकारही लिहावा लागे. कारण त्सुझेंनी दहा वर्षं पट्ट्या आणि रिले हाताळले होते. चार बिटांकडे नुसतं बघून ते मोहरा आहेत, अंक आहेत की आणखी काही, हे कुणालाच सांगता येत नाही. बिट तेच, अर्थ प्रकाराने येतो. ज्याला आपण पहिल्या सेमिस्टरला डोकेदुखी समजतो तो डेटा टाइप म्हणजे बिटांच्या कपाळावरची चिठ्ठी आहे.

पण चिठ्ठी कुणी वाचलीच नाही. प्लानकाल्क्यूल संपूर्ण स्वरूपात छापायला १९७२ साल उजाडलं. तोवर फोर्ट्रान, अल्गोल, कोबोल येऊन रुळल्या होत्या. ती भाषा खऱ्या कॉम्प्युटरवर चालली ती त्यानंतरच.

झेड४ चं नशीब मात्र उघडलं. १९४९ मध्ये झ्युरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल खेड्यात यंत्र बघायला आले. त्यांनी एक समीकरण दिलं, त्सुझेंनी तिथल्या तिथे प्रोग्रॅम लिहून, फिल्मवर भोकं पाडून उत्तर काढून दाखवलं. झालं, यंत्र भाड्याने ठरलं. १९५० पासून १९५५ पर्यंत झेड४ झ्युरिकमध्ये रात्रंदिवस खडखडत होतं. त्सुझेंनी कंपनी काढली, १९६७ पर्यंत तिने २५१ कॉम्प्युटर बनवले. पण धंद्याचं गणित जमलं नाही आणि कंपनी हळूहळू सीमेन्सच्या हाती गेली. त्याच १९६७ मध्ये जर्मनीच्या पेटंट कोर्टाने त्यांचा १९४१ चा अर्ज फेटाळला. कारण, त्यात पुरेसं नवीन संशोधन दिसत नाही! सव्वीस वर्षं थांबून हे उत्तर. तोपर्यंत जगभर कॉम्प्युटर झाले होते. न्यायाधीशांना त्यात विशेष ते काय, असं वाटलं असावं.

त्सुझे कटू झाले नाहीत. पुन्हा चित्रांकडे वळले, बरीच चित्रं कुनो झे या नावाने सही करून काढली. सत्तरी उलटल्यावर झेड१ पुन्हा बांधायला घेतलं आणि १९८९ मध्ये पुरं केलं. आराखडे युद्धात गेलेले, तरी पट्टी न् पट्टी डोक्यातून आणि हातातून परत उतरली. मधे हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तरी काम सोडलं नाही. ते यंत्र बर्लिनच्या तंत्रसंग्रहालयात ठेवलेलं आहे. झेड४ म्युनिकच्या संग्रहालयात आहे. १८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड या गावी त्सुझे गेले. वय पंच्याऐंशी.

त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे युरोपचं नवंकोरं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटलं. चौकशीत कळलं, चौसष्ट बिटांचा एक फ्लोट सोळा बिटांच्या पूर्णांकात बदलला जात होता. सोळा बिटांत जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित तो आकडा त्याहून मोठा झाला. आधीच्या एरियन-४ वर तोच कोड मुकाट चालला होता, कारण त्या रॉकेटचा आकडा तेवढा कधी वाढलाच नव्हता. म्हणून त्या बदलाबदलीला संरक्षण दिलं नव्हतं. फर्स्ट इयरची चूक, फक्त रॉकेटएवढी.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी पाच भागिले दोन बरोबर दोन आले की कॉम्प्युटरला शिव्या देऊ नका. त्याने चूक केलेली नाही. तुम्ही दोन पूर्णांक दिलेत, त्याने पूर्णांकांचा भागाकार केला आणि उरलेला अर्धा टाकून दिला. फ्लोटमध्ये ठेवेपर्यंत टाकायला काही उरलंच नव्हतं. कंसातला 'फ्लोट' आधी का लिहायचा, हे एवढ्यासाठीच. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना काहीतरी मागे राहतं. कधी अर्धा मार्क, कधी ०.१ चं शेपूट, कधी पंखाच्या मिलिमीटरमागचा माणूस. काय मागे राहणार हे बदलण्याआधी विचारायचं असतं. त्सुझेंनी आकड्यांच्या बाबतीत ते फार लवकर विचारलं. बाकीचं विचारायचं काम आपल्यासाठी शिल्लक आहे.

आणि हो, सिव्हिलवाल्यांनो, या वर्षी गॅदरिंगला कॉम्प्युटरवाल्यांनी जास्त भाव खाल्ला, तर हा लेख दाखवा!